लाल ताजसाठी एक तास द्या

आग्रा-मथुरा-दिल्लीच्या सहली काढणाऱ्या मराठी पर्यटन संस्थांना आणि शिवजयंतीला आग्र्याच्या किल्ल्यात जमणाऱ्या इतिहासप्रेमी मंडळांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

मी साताऱ्याची. माध्यमिक शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला, आता निवृत्त आहे. आग्र्याला दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा तुमच्यापैकीच एका संस्थेच्या सहलीतून गेले, दुसऱ्यांदा भाचीला सोबत घेऊन स्वतःच गेले. दुसऱ्या खेपेला का जावं लागलं, ते सांगण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. वाचून तुम्ही पुढच्या हंगामाच्या कार्यक्रमपत्रिकेत, आग्र्यातल्या 'लाल ताज' नावाच्या एका कबरीसाठी, एका तासाची भर घालावी, एवढीच माझी मागणी आहे.

पहिल्या सहलीत आम्ही अडतीस जण होतो. सकाळी ताजमहाल, दुपारी किल्ला, संध्याकाळी पेठ्याचं दुकान. किल्ल्याबाहेर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, तिथे सगळे उतरलो, घोषणा दिल्या, फोटो काढले. किल्ल्यात दिवाण-ए-आमच्या खांबांमध्ये उभं राहून आमच्या सहल व्यवस्थापकाने १२ मे १६६६चा तो दरबार इतका छान रंगवून सांगितला की माझ्या अंगावर काटा आला. मुलांना वर्गात मी तोच प्रसंग तीस वेळा तरी सांगितला असेन, पण त्या दगडांवर उभं राहून ऐकणं वेगळं. मग १७ ऑगस्ट, पेटारे, मथुरेची वाट. आणि तिथे गोष्ट संपली. व्यवस्थापक म्हणाला, "चला, आता बस." मी विचारलं, "आणि महादजी? आग्रा आपल्याकडे होतं ते?" तो गोड मुलगा होता. म्हणाला, "काकू, ते आपल्या प्रोग्रॅममध्ये नाही."

त्याचा दोष नाही. प्रोग्रॅममध्ये नाही हे खरंच होतं. आपल्या बहुतेकांच्या डोक्यातही ते नाही. आग्रा म्हटलं की आपल्याला सुटका आठवते. पण त्या सुटकेला एकशे एकोणीस वर्षं झाल्यावर, १७८५ साली, त्याच आग्र्याच्या किल्ल्यावर महादजी शिंद्यांचा ताबा आला, आणि १८०३च्या ऑक्टोबरपर्यंत तो शिंदेशाहीकडे राहिला. म्हणजे जवळजवळ अठरा वर्षं. ज्या किल्ल्याच्या दरबारात आपल्या राजाला मागच्या रांगेत उभं केलं, त्याच किल्ल्याच्या किल्ल्या मराठ्यांच्या कमरेला लागल्या. मधल्या काळात मोगल सरदार इस्माइल बेग आणि रोहिला गुलाम कादिर यांनी शहर वेढलं, तेव्हा महादजींचे सरदार लखबादादा लाड यांनी आत राहून किल्ला महिनोन्महिने झुंजवला, तो १७८८च्या जूनमध्ये महादजींच्या फौजा येऊन वेढा मोडेपर्यंत. ही गोष्ट आग्र्याला जाणाऱ्या एकाही मराठी बसमध्ये सांगितली जात नाही.

मग ती अठरा वर्षं बघायची कुठे? मी बरेच दिवस शोधत होते. किल्ल्यात पाटीलबाबांची, म्हणजे महादजींची, आठवण सांगणारी एक ओळही मला आढळली नाही. ती आढळली ती अशा जागी, जिथे आपण कधी पाऊल टाकत नाही. आग्र्याच्या जुन्या कॅथलिक दफनभूमीत.

ही दफनभूमी महात्मा गांधी रस्त्यावर, भगवान टॉकीजच्या बाजूला, दिवाणी कचेरीच्या जवळ आहे. ताजपासून रिक्षाने फार वेळ लागत नाही. उत्तर हिंदुस्थानातल्या सर्वांत जुन्या ख्रिस्ती दफनभूमींपैकी ही एक आहे आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. अकबराने गोव्याहून जेझुइट या कॅथलिक संघाचे पाद्री बोलावले, १५८० साली त्यांची पहिली मंडळी फत्तेपूर सिक्रीला पोचली, हे आपण शिकलेलो असतो. त्यानंतर या शहरात पाद्री राहिले, आर्मेनियन व्यापारी राहिले, युरोपातून पोटासाठी आलेले गोलंदाज, जवाहिरे, हकीम राहिले. ते इथेच गेले, आणि त्यांना या जागेत मातीत ठेवलं.

दुसऱ्या खेपेला आम्ही तिथे सकाळी आठच्या सुमाराला पोचलो. फाटकापाशी एक म्हातारे राखणदार दातून करत बसले होते. "माताजी, किसी अपने की क़ब्र है?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हां, है." त्या क्षणी ते तोंडून गेलं, आणि तेव्हापासून ते माझ्या मनात तसंच आहे.

आत गेल्यावर थोडं चाललं की समोर लाल ताज उभा राहतो. मी मुद्दाम 'उभा राहतो' म्हणते, कारण तो दिसतो असं नाही, झाडांमागून एकदम समोर येऊनच उभा राहतो. ताजमहालच, पण लाल दगडाचा आणि लहान. उंच चौथरा, त्यावर चौकोनी इमारत, प्रत्येक बाजूला मोठी कमान, वर घुमट. ताजचे चार कोपऱ्यांतले मोठे मनोरे इथे नाहीत. संगमरवर नाही, रंगीत खड्यांचं जडावकाम नाही, पण दगडातच कोरलेली फुलं आणि नक्षी आहे, आणि सकाळच्या उन्हात ती ताजमहालापेक्षा मला जास्त जवळची वाटली. ताजसमोर माणूस लहान होतो. इथे होत नाही. चौथऱ्याच्या पायऱ्या चढून गेलो तर कमानीत पोपटांची कलकल चाललेली. घुमटाखाली वर एक थडगं आणि खरी कबर खाली तळघरात, अगदी ताजमहालात आहे तशीच रीत.

शिलालेख इंग्रजीत आहे. माझी नजर आता अधू झाली आहे, म्हणून भाचीने मोबाइलचा उजेड दगडावर तिरका धरला. तिरका धरला की कोरलेल्या अक्षरांत सावली भरते आणि ती वर येतात, हे तिला कुणी शिकवलं कोण जाणे. ती एकेक शब्द वाचत गेली. जॉन विल्यम हेसिंग. मग हुद्दा, कर्नल. मग कुणाच्या चाकरीत, ते. आणि तिथे ती थांबली आणि म्हणाली, "मावशी, इथे दौलतराव शिंदे लिहिलंय."

मी पुढे होऊन त्या नावावर बोट ठेवलं. शेजारच्याच ओळींमध्ये महादजींचंही नाव होतं. एका डच माणसाच्या कबरीवर, इंग्रजी अक्षरांत, आग्र्यातल्या कॅथलिक दफनभूमीत आमचे पाटीलबाबा. रस्त्यापलीकडे वकिलांची सकाळची गर्दी सुरू झाली होती, तिचा आवाज येत होता. मी किती वेळ तशी उभी होते मला सांगता येणार नाही.

हा हेसिंग कोण, हे थोडं विस्ताराने सांगते, कारण तुमच्या व्यवस्थापकांना बसमध्ये सांगायला ते उपयोगी पडेल. जन्म १७३९, हॉलंडमधल्या उट्रेख्टचा. डच कंपनीच्या फौजेतून सिलोनला आला, परत गेला, पुन्हा हिंदुस्थानात आला आणि इथल्या वेगवेगळ्या सरदारांकडे चाकरी करत राहिला. १७८४ साली महादजींच्या चाकरीत रुजू झाला. १७८७ मध्ये आग्र्याजवळ भोंडागावच्या लढाईत इस्माइल बेगाच्या फौजेशी लढताना तो जबर जखमी झाला, हे त्याच्या कबरीवरच लिहिलेलं आहे. पुढे महादजींच्या कवायती पलटणींचा प्रमुख द बोइन्य याच्याशी त्याचं बिनसलं आणि त्याने ती नोकरी सोडली. तेव्हा महादजींनी त्याला दूर जाऊ दिलं नाही, आपल्या अंगरक्षकांच्या पलटणीवर नेमलं. १७९२ साली पाटीलबाबा मोठ्या थाटाने पुण्याला आले, बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलकीची, म्हणजे बादशहाच्या मुख्य प्रतिनिधीपदाची, वस्त्रं घेऊन, तेव्हा त्यांच्यासोबत हा हेसिंग पुण्यात होता.

म्हणजे आग्र्यात लाल दगडाखाली झोपलेला माणूस आपल्या पुण्याची धूळ पायाला लावून गेलेला आहे. फेब्रुवारी १७९४ मध्ये महादजी वानवडीला गेले. त्यांची छत्री आपण सगळे पाहतो, तुमच्या पुणे दर्शनातही ती असते. त्या छत्रीचा दुसरा धागा आग्र्याला बांधलेला आहे, तो तुम्ही लोकांना दाखवावा असं मला वाटतं.

महादजींच्या मागे हेसिंग दौलतरावांकडे राहिला. १७९८ साली कर्नल झाला आणि पुढे आग्र्याचा किल्ला आणि शहर त्याच्या हवाली झालं. त्याचा मुलगा जॉर्जही शिंद्यांच्याच फौजेत. मुलीचं लग्न झालं तेही सदरलंड नावाच्या शिंद्यांच्याच एका स्कॉटिश अधिकाऱ्याशी. सगळं घरच शिंदेशाहीच्या मिठावर होतं. १८०१ साली उज्जैनला यशवंतराव होळकरांनी शिंद्यांच्या ज्या पलटणींचा धुव्वा उडवला, त्या जॉर्ज हेसिंगच्याच होत्या. शिंदे-होळकरांच्या त्या घरच्या भांडणाने काय वाटोळं केलं ते आपण पुस्तकात वाचतो. या घरात ते जेवणाच्या ताटापर्यंत पोचलेलं होतं.

आणि आता तारखांकडे लक्ष द्या. हेसिंग आग्र्याच्या किल्ल्यात वारला तो २१ जुलै १८०३ रोजी. दीर्घ आजारपणाने, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात इंग्रजांशी युद्ध सुरू झालं. १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला गेला. ४ सप्टेंबरला अलिगड, ११ सप्टेंबरला दिल्लीची लढाई, २३ सप्टेंबरला असई. ऑक्टोबरात जनरल लेक आग्र्याला येऊन थडकला. किल्ल्यातल्या शिबंदीला गोऱ्या अधिकाऱ्यांचा भरवसा राहिला नव्हता, त्यांनी आपल्याच अधिकाऱ्यांना अटकेत टाकलं, त्यात जॉर्ज हेसिंगही होता. बापाने सांभाळलेल्या किल्ल्यात मुलगा कैदी. १८ ऑक्टोबरला किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. डिसेंबरअखेर सुर्जी-अंजनगावचा तह झाला आणि उत्तरेतला आपला डाव आवरला.

म्हणजे बाप गेल्यापासून तीन महिन्यांच्या आत आग्र्यातलं मराठ्यांचं राज्य संपलं. त्याच्या बायकोने आणि मुलांनी ही इमारत उभी केली आणि दगडावर जे कोरून घेतलं, त्यात शिंद्यांची नावं मानाने राहू दिली. शहरावर हुकूमत आता इंग्रजांची. नवऱ्याच्या कबरीवर पडलेल्या राजवटीचं नाव कोरून त्या बाईला काही मिळायचं नव्हतं. तरी तिने ते कोरून घेतलं. आग्र्यातल्या मराठेशाहीचं हे दगडातलं नाव आहे, आणि ते एका परदेशी माणसाच्या विधवेने राखलं. आपण मराठी माणसांनी तिथे जाऊन एकदा हात जोडावेत, असं मला म्हणूनच मनापासून वाटतं.

जवळच पेराँच्या चार लेकरांची कबर आहे. पेराँ म्हणजे द बोइन्यनंतर शिंद्यांच्या कवायती फौजेचा सेनापती झालेला फ्रेंच माणूस, जो ऐन १८०३च्या लढाईत चाकरी सोडून इंग्रजांच्या आसऱ्याला गेला. इतिहासात त्याच्याबद्दल आपण चांगलं बोलत नाही, आणि मीही वर्गात कधी बोलले नाही. पण चार मुलं एका जागी पुरलेली पाहिल्यावर त्या माणसाबद्दल माझ्या तोंडून काही वाकडं निघेना.

थोड्या अंतरावर अष्टकोनी, घुमटाची एक कबर आहे, ती वॉल्टर राइनहार्ट ऊर्फ समरूची. बंगालचा नवाब मीर कासिम याच्या चाकरीत १७६३ साली पाटण्याला इंग्रज कैद्यांची कत्तल करणारा हाच. पुढे जाटांची, मग मोगल सेनापती नजफखानाची चाकरी असं करत मेरठजवळच्या सरधन्याची जहागीर मिळवली आणि १७७८ साली आग्र्याला मेला. त्याच्यापेक्षा त्याची बेगम मोठी निघाली. बेगम समरूने १७८१ साली आग्र्यातच बाप्तिस्मा घेतला, जहागीर स्वतः सांभाळली आणि असईच्या लढाईत तिच्या पलटणी शिंद्यांच्या बाजूला होत्या. ती स्वतः सरधन्याला पुरलेली आहे.

मराठ्यांशी संबंध नसलेलेही पुष्कळ जण इथे आहेत, त्यांच्यापाशी रेंगाळायला वेळ नसेल तर निदान नावं सांगा. जॉन मिल्डनहॉल नावाचा इंग्रज व्यापारी १६१४च्या जूनमध्ये अजमेरला वारला, त्याला इथे आणून पुरलं. हिंदुस्थानातली इंग्रज माणसाची सर्वांत जुनी माहीत असलेली कबर ही. जेरोनिमो वेरोनेओ हा व्हेनिसचा जवाहिऱ्या १६४० साली लाहोरला वारला, त्यालाही इथे आणलं. ताजमहालाचा आराखडा त्याचा होता अशी वावडी एका पाद्र्याच्या लिखाणातून उठली, इतिहासकार ती मानत नाहीत. तुमचे गाइड हे पहिलं वाक्य सांगतात आणि दुसरं गाळतात, तेवढं मात्र करू नका. १६११ साली वारलेल्या एका धर्मशील आर्मेनियन व्यापाऱ्याच्या कबरीवरचं छोटं प्रार्थनामंदिर आहे. शाहजहानच्या फौजेने १६३२ साली बंगालमधलं पोर्तुगीजांचं हुगळी घेतलं आणि तिथले कैदी आग्र्याला आणले, त्यांतले तुरुंगात मेलेले पाद्री त्याच मंदिरात विसावले आहेत, म्हणून तिथले कॅथलिक लोक त्याला हुतात्म्यांचं मंदिर म्हणतात. योसेफ टिफेनथालर हा जेझुइट भूगोलकार, ज्याने हिंदुस्थानभर पायपीट करून नद्या, गावं, किल्ले टिपून ठेवले, तो १७८५ साली लखनौला वारला आणि त्यालाही याच मातीत आणलं.

एका नावापाशी मात्र मी तुम्हाला थांबवणार आहे. हाइनरिश रोट. जर्मन जेझुइट, गोव्यात उतरला आणि पुढे आग्र्याच्या जेझुइट विद्यालयाचा प्रमुख झाला. पंडितांपाशी बसून वर्षानुवर्षं संस्कृत शिकला आणि संस्कृतचं व्याकरण लॅटिनमध्ये लिहिलं. युरोपीय माणसाने लिहिलेलं हे संस्कृतचं पहिलं व्याकरण मानतात. त्याने काढून दिलेल्या देवनागरी अक्षरांचे तक्ते १६६७ साली ॲमस्टरडॅमला छापलेल्या एका ग्रंथात आले, त्यांत आपली बाराखडी आहे, जोडाक्षरं आहेत. महाराज आग्र्यातून निसटले १६६६ मध्ये. रोट आग्र्यात वारला २० जून १६६८ रोजी, म्हणजे दोनच वर्षांनी. सुटकेची ती खळबळ या शहरात अजून ताजी असणार. मी ज्या लिपीत हे पत्र लिहिते आहे आणि तुम्ही वाचता आहात, तिची ओळख युरोपाला करून देणारा माणूस त्या दफनभूमीच्या मातीत आहे. बसमध्ये शाळकरी मुलं असतील तर त्यांना हे सांगाच.

आता तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे, कारण ते मी पहिल्या सहलीत ऐकलेलं आहे. दफनभूमीत जायचं म्हटलं की आपली माणसं कचरतात. आमच्या बसमधल्या एक आजी म्हणाल्या होत्या, "प्रवासात अंघोळीची सोय कुठे, उगाच विटाळ कशाला?" त्यांचा मान राखून मी त्यांना विचारलं होतं, "आजी, आज सकाळपासून आपण काय पाहिलं?" ताजमहाल ही कबर आहे. इतमाद-उद-दौला ही कबर आहे. सिकंदऱ्याला जाऊन अकबराची कबर पाहतो. आग्र्यात आपण तिकीट काढून पाहतो ती बहुतेक थडगीच आहेत. आजी विचारात पडल्या आणि मग म्हणाल्या, "तसं बघितलं तर खरंच की गं." तेव्हा ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. नीट सांगितलं की लोक ऐकतात.

दुसरी शंका अशी निघते की ही ख्रिस्ती लोकांची जागा, आपलं तिथे काय काम. मला हे ऐकून वाईट वाटतं. ख्रिस्ती माणूस मराठेशाहीला परका नव्हता. ज्या १७९२ साली हेसिंग महादजींबरोबर पुण्यात होता, त्याच साली सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या फौजेतल्या कॅथलिक शिपायांच्या चर्चसाठी पुण्यात जमीन दिली. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च ते हेच. आणि मराठी बोलणारे कॅथलिक वसईला आहेत, मुंबईत आहेत, गोव्यात आहेत, तुमच्या बसमध्येही असतात. माझ्या पहिल्या सहलीत वसईच्या एक बाई होत्या. हॉटेलवर एकाच खोलीत राहिलो, रात्री बराच वेळ बोलत बसायचो. त्यांनीच मला या दफनभूमीचं पहिल्यांदा सांगितलं, त्यांचे एक नातेवाईक पाद्री तिथे जाऊन आलेले. 'अकी जाझ', म्हणजे 'इथे विसावला आहे', हे पोर्तुगीज शब्द त्यांनी जुन्या गोव्याच्या चर्चमधल्या फरशांवर लहानपणापासून पाहिलेले. "तिथे दिसले तर तुम्हाला ओळखू येतील," म्हणून त्यांनी ते माझ्या वहीत देवनागरीत लिहून दिले. वेरोनेओच्या दगडापाशी मी ती वही उघडली होती.

तुम्ही लोकांना तिथे न्याल तेव्हा काही पथ्यं पाळावी लागतील, ती स्पष्ट लिहिते, कारण नको तो उत्साह आपल्या लोकांना फार लवकर चढतो. तिथे घोषणा नकोत. ताशे नकोत, गुलाल नको. हेसिंग शिंद्यांचा म्हणून त्याच्या कबरीवर भगवा गुंडाळायला जाऊ नका. त्याच्या माणसांनी त्याला त्यांच्या रीतीने पुरलं आहे, त्या रीतीचा मान आपण ठेवायचा. कुणाच्या कबरीवर पाय देऊन फोटो काढायचा नाही, चौथऱ्यावर बसून डबे उघडायचे नाहीत. फूल वाहावंसं वाटलं तर एक साधं फूल ठेवावं. २ नोव्हेंबरला कॅथलिक लोक आपल्या मृतांच्या कबरी साफ करून मेणबत्त्या लावतात, त्या दिवशी सहल तिथे नेऊ नये, तो त्यांचा घरचा दिवस आहे.

मंडळांना माझं वेगळं मागणं आहे. किल्ल्यात दिवाण-ए-आममध्ये शिवजयंती साजरी होऊ लागली, याचा मला फार आनंद आहे. त्या सोहळ्यासाठी तुम्ही परवानग्या मिळवल्यात, पत्रव्यवहार केलात, दिल्लीपर्यंत खेटे घातलेत. तीच चिकाटी एका छोट्या कामासाठी वापरा. पुरातत्त्व खात्याकडे आणि आग्र्याच्या धर्मप्रांताकडे रीतसर अर्ज करून, त्यांची संमती असेल तर, लाल ताजच्या शिलालेखाचं मराठी आणि हिंदी भाषांतर असलेला एक फलक तिथे लावून घ्या. कबरीला हात न लावता, बाजूला, साधा. भाषांतर मी करून देईन, ते दोन जाणकारांकडून तपासून घ्या. आणि एक चार पानांची पुस्तिका काढा, तिच्यात लखबादादांचा वेढा असावा, भोंडागाव असावं, १८०३चे ते तीन महिने असावेत. मजकुराचं पहिलं टिपण माझ्याकडे तयार आहे, त्याचं मानधन नको.

पर्यटन संस्थांना हिशेबही करून देते, म्हणजे वेळ नाही असं म्हणता येणार नाही. ताजमहाल सूर्योदयाला पाहिला तर साडेआठच्या आत माणसं बाहेर येतात. नाश्ता करून साडेनऊला निघा. जायला-यायला मिळून अर्धा-पाऊण तास धरा आणि आत एक तास. साडेअकराला किल्ल्यात. उन्हाळ्यात तर हेच बरं पडतं, दफनभूमीत झाडांची सावली आहे. किल्ल्यात शिरण्याआधी लोकांनी हेसिंगची कबर पाहिलेली असली, की दिवाण-ए-आममध्ये तुमचा व्यवस्थापक १६६६ सांगून झाल्यावर १७८५ही सांगू शकेल, आणि ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तो लाल घुमट असेल. पेठ्याच्या दुकानातला वेळ थोडा कमी केला तरी चालेल.

रिक्षावाल्यांना किंवा नवीन ड्रायव्हरला 'लाल ताज' म्हणून पत्ता लागेलच असं नाही, आम्हालाही लागला नव्हता. 'दीवानी के पास, ईसाइयों का पुराना क़ब्रिस्तान' असं सांगा. फाटकापाशी ते म्हातारे राखणदार असले तर त्यांना माझा नमस्कार सांगा. निघताना त्यांनी मला विचारलं होतं, "मिल गई आपकी क़ब्र?" मी "मिल गई" म्हटलं, तेव्हा त्यांनी कळशीतलं पाणी ओंजळीत दिलं आणि पुन्हा या म्हणाले.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका, सातारा